गेज इज वोर्न
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)

आदरणीय बाई, सर आणि 1993 च्या दहावीतल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

मला बोलायला सांगितलं तेव्हा मी एकच अट घातली, मराठीत बोलेन. विषय मात्र इंग्रजीचा आहे.

आताच्या मुलांना 2000 सालापासून पहिलीतच इंग्रजी असतं. आपलं पाचवीत सुरू झालं. तरी बाईंनी क्रियापदांची रूपं अशी घोटून घेतली, की 'गो, वेंट, गॉन' आपण पाढ्यासारखं म्हणायचो. लिहिता-वाचता छान यायचं. बोलायची वेळ मात्र आली नाही. एका वर्गात साठ मुलं, बाई तरी काय करणार?

डिप्लोमा करून मी चाकणला एका कारखान्यात क्वालिटीला लागले. एकदा ग्राहकाकडून माल परत आला. भोकं मापापेक्षा लहान, शाफ्ट बसेना. परदेशी पाहुणे असल्यामुळे मीटिंग इंग्रजीत होती. तपासणीवरच्या कंत्राटी मुलाने निष्काळजीपणा केला, असं ठरत चाललं होतं. खरं कारण मला माहीत होतं. प्लग गेजची 'गो' बाजू झिजली होती. झिजली की ती बारीक होते आणि लहान भोकातूनही जाते. मुलाने गेज नीटच लावलं होतं. 'गेज इज वोर्न', तीन शब्द बोलायचे होते. पण 'वोर' की 'वोर्न'? मनात 'वेअर, वोर, वोर्न' म्हणून होईपर्यंत विषय पुढे गेला.

संध्याकाळी साहेबांना मराठीत सगळं सांगितलं. गेज बदललं. त्या मुलाला मात्र दुपारीच काढलं होतं. निरोप पाठवला, पण तो परत आला नाही. माझ्या व्याकरणाची किंमत त्याने मोजली, हे मी आजही विसरलेले नाही.

त्यानंतर मी कुठलाही क्लास लावला नाही. तीन सवयी लावल्या. मीटिंगआधी मुख्य मुद्द्याचं एक वाक्य कागदावर लिहायचं आणि कंपनीच्या बसमध्ये पुटपुटायचं. पहिल्या पाच मिनिटांत काहीतरी बोलायचंच, साधा प्रश्न का असेना; कारण गप्प राहावं तसं तोंड उघडणं अवघड होतं. आणि समजलं नाही तर मान डोलवायची नाही, 'सॉरी, कॅन यू से दॅट अगेन?' म्हणायचं. आकडे तर दोनदा सांगायचे, 'फिफ्टीन, वन फाईव्ह', म्हणजे पंधराचे पन्नास होत नाहीत.

एक गोष्ट उशिरा कळली. आपण 'फाईल द्या' म्हणतो तेव्हा आदर त्या 'द्या'मध्येच असतो. त्याचं सरळ 'गिव्ह मी द फाईल' केलं की हुकूम वाटतो. तिथे 'कुड यू' लावावं लागतं. मी उद्धट नव्हते, माझं भाषांतर उद्धट होतं.

पुढे एका जर्मन इंजिनिअरबरोबर काम केलं. तेही आपल्यासारखेच 'व्ही' आणि 'डब्ल्यू' एकच म्हणायचे. शब्द अडला की कागद ओढून चित्र काढायचे आणि पुढे बोलायला लागायचे. त्यांना लाज नव्हती, कारण त्यांचं लक्ष मशीनवर होतं. माझं इतकी वर्षं स्वतःवर होतं.

आजही माझ्या चुका होतात. मात्र माहीत असलेली गोष्ट मी आता गिळत नाही.

बाई, तुम्ही दिलेला पाया पक्का होता. त्यावर उभं राहायला मला वेळ लागला, एवढंच. आणि मित्रांनो, शाळेला आपण पंखे देऊ, बाकं देऊ. त्याबरोबर महिन्यातला एक शनिवारही देऊ या. नववी-दहावीच्या मुलांशी तासभर इंग्रजीत गप्पा मारायच्या, आणि कोणी चुकलं तर हसायचं नाही. पहिल्या शनिवारी मी येते. माझ्याबरोबर कोण येतंय?