सातबारा डावीकडे, अर्ज उजवीकडे

साताऱ्यातलं किंवा सांगलीतलं एखादं सेतू केंद्र डोळ्यांपुढे आणा. संगणकावर एका खिडकीत सातबारा, दुसरीत अर्ज. गट नंबर बघायचा, खिडकी बदलायची, टाइप करायचा. खाते क्रमांकासाठी पुन्हा मागं. या येरझाऱ्यांत आकडा मनातून निसटतो आणि ४३२ चा ४२३ होतो. शेतकऱ्याला मात्र त्या एका आकड्यापायी पुन्हा हेलपाटा पडतो. माझ्या मते हा दोष टाइप करणाऱ्याचा कमी आणि पडद्यावरच्या मांडणीचा जास्त.

म्हणून आधी मांडणीच बदलू. विंडोजचं चिन्ह असलेलं बटण धरून डावा बाण दाबा. समोरची खिडकी डाव्या अर्ध्या भागात बसेल. दुसरीसाठी उजवा बाण. २००९ च्या विंडोज ७ पासून ही सोय आहे, उबुंटूतही आहे. आता फक्त नजर सरकते.

ही शेजारची मांडणी तशी जुनीच. १९८५ च्या पहिल्या विंडोजमध्ये खिडक्या फरशांसारख्या शेजारी-शेजारीच बसायच्या. एकीवर दुसरी ठेवता यायला लागली ती १९८७ च्या दुसऱ्या आवृत्तीत. ते मोकळेपण वाचायला, चाळायला छानच. पण ताडून भरायच्या कामाला जुनी शेजारची बैठकच बरी, असं मला ठामपणे वाटतं.

अर्ध्या पडद्यावर सातबाऱ्याची अक्षरं बारीक दिसली, तर ब्राउझरमध्ये कंट्रोल धरून अधिकचं चिन्ह दाबा. अक्षरं मोठी होतील. आणि तिसरी खिडकी लागलीच, तर आल्ट धरून टॅब दाबत राहा. उघड्या खिडक्यांवरून निवड एकेक करून सरकेल; हवी ती आली की आल्ट सोडा.