मूल मागे का पडते?

(जीर्णोद्धार सोहळ्यात तालुका कचेरीतील एका कारकुनाने केलेले भाषण)



मंदिराचे काम आपण सर्वांच्या हातभाराने तडीस नेले. या शुभप्रसंगी चार शब्द बोलण्याची समितीने आज्ञा केली. मी विद्वान नव्हे, एस.एस.सी. झालेला साधा कारकून आहे. म्हणून घरोघरचाच विषय घेतो : शाळेत आपले मूल मागे का पडते, आणि त्याला हात कोणी द्यायचा?

गुणपत्रिका हाती आली की गुण किती पडले ते आपण पाहतो. कमी का पडले ते विचारत नाही. मुलाला फळ्यावरचे दिसत नसेल, वर्गात कोणी त्रास देत असेल, घरात रोज भांडण असेल, किंवा मागच्या इयत्तेतला भागाकारच कच्चा राहिला असेल. प्रत्येकाला उपाय निराळा. सगळ्यांवर मार हे एकच औषध चालत नाही.

आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यातलेच उदाहरण घ्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले. पुढे ते कोसबाडला गेले. हा भाग २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. तिथली आदिवासी मुले शाळेत येत नसत. त्यांना आळशी न म्हणता बाईंनी कारण शोधले. मुले गुरे राखायला जात, म्हणून शाळाच कुरणावर नेली. लहानग्यांसाठी अंगणात अंगणवाडी भरवली. आधी कारण, मग उपाय.

हेच काम शाळेतील समुपदेशकाचे असते. त्याच्याकडे पाठवले म्हणजे पोर वेडे ठरले, हा समज सोडून द्यावा. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी निदान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक नेमावा, असा निर्देश दिला. आपल्या शाळेत तो आहे का, हे पालकांनी विचारावे. शाळा लहान असेल तर वर्गशिक्षकांना भेटावे. मूल फारच गप्प झाले, जेवेनासे झाले, तर १४४१६ या सरकारी टेली-मानस दूरध्वनीवर विनामूल्य सल्ला मिळतो.

पण मुलाची निम्मी हकीकत गुरुजींना ठाऊक असते, निम्मी आईला. दोघे भेटले नाहीत तर समुपदेशक तरी काय करणार? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या स्त्रिया ठेवल्या आहेत. तेव्हा मायबहिणींनो, सभेला नुसती सही करून परतू नका, बसा, विचारा.

माझ्या टेबलावरची एक गोष्ट सांगतो. दहावीचा निकाल लागला की दाखल्यांसाठी रांगा लागतात. जातीचा आणि अधिवासाचा दाखला मूल नववीत असतानाच काढून ठेवावा. उत्पन्नाचा दाखला जुना चालत नाही. तो एप्रिल-मे महिन्यात करून घ्यावा. हुशार मुलाचा प्रवेश कागदावाचून अडू नये.

आणि नापास झाले तर? जग बुडत नाही. २०१५ पासून दहावीची पुरवणी परीक्षा ऑक्टोबरऐवजी निकालानंतर लगेच घेण्याची पद्धत सुरू झाली. त्या दिवशी मुलाला शेजारच्या मुलाचे गुण ऐकवू नका. आधी जेवू घाला, मग पुढचे बोला.

शेवटी समितीस व देणगीदारांस एक विनंती. आपल्यापैकी पुष्कळांचे घर एका खोलीचे. त्यातच चूल, टी.व्ही. आणि पाहुणे. नव्या सभामंडपाचा एक कोपरा रोज सायंकाळी सात ते नऊ मुलांच्या अभ्यासाला द्यावा. दोन दिवे, चार सतरंज्या आणि पाळीपाळीने बसणारा एक वडीलधारा माणूस एवढे पुरे. हजेरी घेण्याची पहिली पाळी मी पत्करतो.

एवढे बोलून आपली रजा घेतो. रामकृष्ण हरि!