महापौरांची खुर्ची

माझं बालपण बुधवार पेठेतल्या वाड्यात गेलं. नळ कोरडा पडला, की आजोबा म्हणत, 'महापौरांनाच सांगायला हवं!' मला वाटे, महापौर म्हणजे शहराचे मालक.

तसं नाही. पुण्याच्या जुन्या नगरपालिकेत महात्मा फुले १८७६ ते १८८२ सभासद होते. पुढं गोपाळ कृष्ण गोखले अध्यक्ष झाले. १९५० साली महानगरपालिका आली आणि बाबुराव सणस पहिले महापौर झाले.

महापौरांना नगरसेवक आपल्यातून निवडतात, अडीच वर्षांसाठी. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचे लॉर्ड प्रोव्होस्टही असेच निवडले जातात. महापौर मुख्य सभा चालवतात, शहराच्या वतीनं पाहुण्यांचं स्वागत करतात. पाणी, रस्ते, कचरा यांचा कारभार मात्र राज्य सरकारनं नेमलेल्या आयुक्तांकडे.

मग ही खुर्ची केवळ शोभेची का? मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि जवळपास चार वर्षं प्रशासकच राहिले. नळाला पाणी येत होतं, कधी येत नव्हतं. पण 'का आलं नाही?' असं आमच्या वतीनं चारचौघांत विचारणारी सभाच नव्हती.

आजोबांचं अगदीच चुकत नव्हतं. महापौर नळ सोडत नाहीत. पण तो प्रश्न ज्या सभेत विचारायचा, ती त्यांच्यासमोर भरते.