पंचेचाळिशीपूर्वीची तजवीज



चाळिशी उलटल्यावर, पदरी दीर्घ अनुभव असताना, परदेशी स्थायिक होण्याचा मानस ज्यांनी धरला आहे, त्यांनी प्रथम वयाची अट पाहावी.

ऑस्ट्रेलियाच्या गुणाधिष्ठित कायम व्हिसासाठी, अर्ज करण्याचे निमंत्रण येईल त्या दिवशी, वय 45 च्या आत लागते; आपण स्वारस्य केव्हा नोंदवले, हे तेथे गौण.

म्हणून कौशल्य-परीक्षणास व इंग्रजीच्या परीक्षेस लागणारे महिने आधीच हिशेबात धरावेत.

कॅनडाच्या ‘एक्स्प्रेस एंट्री’ या स्थलांतर-योजनेत कमाल वयोमर्यादा नाही. मात्र 45 पासून वयाचे गुण शून्य होतात, आणि ती तूट फ्रेंचवरील प्रभुत्वाने काही अंशी भरून निघते.

पुन्हा सांगतो: ऑस्ट्रेलियात वय मोजतात ते निमंत्रणाच्या दिवशीचे.

तेव्हा जुन्या कचेऱ्यांतून, कामाचे स्वरूप तपशिलाने नमूद केलेले अनुभवाचे दाखले, याच महिन्यात मागवावेत.