कर्करोग्याची प्रतिकारशक्ती आणि आपण आप्तेष्ट



विद्यार्थ्यांच्या गुणगौरवाच्या या मंगल प्रसंगी आजाराचा विषय काढणे कित्येकांस अप्रस्तुत वाटेल. मी वैद्य नव्हे. मॅट्रिक होऊन चौतीस वर्षे प्राथमिक शाळेत मुलांना बाराखडी आणि पाढे शिकविले, एवढीच माझी पुंजी. परंतु गेली तीन वर्षे कर्करोग आमच्या घरी वस्तीला आहे, आणि पत्नीच्या या दुखण्याने मला उतारवयात पुन्हा विद्यार्थी केले आहे. त्या शाळेतील एका परीक्षेत मी चुकलो. ती चूक आपणांपैकी कोणाच्याही घरी घडू नये, एवढ्याचसाठी कार्यवाहांकडून ही पंधरा मिनिटे मी मागून घेतली आहेत.

पहिली केमोथेरपी झाल्यावर आम्ही घरी आलो. वार्ता कळताच आप्तेष्टांची रीघ लागली. आजाऱ्याचा समाचार घेणे आपण कर्तव्य समजतो, आणि ते योग्यच आहे. नवव्या दिवशी एक वडीलधारे गृहस्थ आले. स्वतः पडशाने बेजार असूनही, न गेल्यास बरे दिसणार नाही, या भावनेने ते आले, तासभर उशाशी बसले, आणि जाताना प्रतिकारशक्ती वाढविणाऱ्या चूर्णाची पुडी ठेवून गेले. अकराव्या रात्री पत्नीला 101 डिग्री ताप भरला. 100.4 डिग्री ताप येताच, वेळ कोणतीही असो, रुग्णालयात यावे, असे डॉक्टरांनी फायलीवर लिहून दिले होते. मी ते वाचलेही होते. पण अपरात्री गाडीसाठी कोणाचे दार ठोठवायचे, या संकोचाने मी तापाची गोळी दिली आणि सकाळची वाट पाहिली. सकाळी तिला धड बोलता येत नव्हते. पुढे सहा दिवस ती अतिदक्षता विभागात होती. ईश्वरकृपेने आणि डॉक्टरांच्या प्रयत्नांनी ती वाचली.

त्या गृहस्थांना मी दोष देत नाही. जंतू कोठून आला हे कोणी सांगू शकत नाही. पुष्कळदा तो रोग्याच्या स्वतःच्या आतड्यातून किंवा तोंडातूनच रक्तात शिरतो. वाया घालविलेल्या त्या आठ तासांचा दोष मात्र सर्वस्वी माझा आहे.

असे का घडते, ते थोडक्यात सांगतो. केमोथेरपीची औषधे झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर घाला घालतात. कर्करोगाच्या पेशी तशा असतात. परंतु केसांची मुळे, तोंडाची आतील त्वचा आणि हाडांतील मगज यांतील पेशीही तशाच असतात. मगजात रक्त तयार होते. तेथे तयार होणाऱ्या पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल नावाच्या पेशी जंतूंना गिळून टाकतात. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका सूक्ष्म थेंबात, म्हणजे घन मिलिमीटरमध्ये, त्या साधारणपणे दीड हजारांहून अधिक असतात. डोस दिल्यानंतर बहुधा सातव्या ते चौदाव्या दिवसांच्या दरम्यान त्या सर्वांत कमी होतात. पाचशेच्या खाली गेल्यास धोका मोठा. पहारेकरीच नसल्यावर आरडाओरड कोण करणार? अशा वेळी पू होत नाही, सूज दिसत नाही, खोकलाही फारसा येत नाही. कित्येकदा ताप ही एकच खूण उरते, आणि गोळी देऊन तीच खूण मी पुसून टाकली होती.

आता 'प्रतिकारशक्ती वाढविणे' या शब्दांविषयी. ही शक्ती म्हणजे रांजण नव्हे, की वरून ओतावे आणि तो भरावा. पांढऱ्या पेशी वाढविणारे इंजेक्शन डॉक्टरांपाशी असते, आणि आवश्यकता पाहून ते देतात. रोग्याच्या प्रतिकारशक्तीलाच कर्करोगाविरुद्ध उभे करण्याची विद्याही निघाली आहे. त्या शोधासाठी 2018 साली ॲलिसन आणि होंजो या शास्त्रज्ञांना नोबेल पारितोषिक मिळाले. मुंबईची आय.आय.टी. आणि टाटा स्मारक रुग्णालय यांच्या सहकार्यातून काही रक्तकर्करोगांवर निघालेल्या अशाच एका उपचाराला 2023 साली आपल्या देशात मान्यता मिळाली. परंतु या उपचारांतही शक्ती अनावर झाली तर ती रोग्याच्याच अवयवांवर उलटते, म्हणून डॉक्टर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतात. जास्त म्हणजे चांगले, हा हिशेब येथे चालत नाही.

चूर्णे आणि काढे यांचेही तसेच. आयुर्वेदाविषयी माझ्या मनात आदर आहे. परंतु महासाथीच्या काळात गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचे मुंबईतील डॉक्टरांनी 2021 साली प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली, हेही सांगितले पाहिजे. त्या वादाचा निवाडा मी करणार नाही. केमोच्या कित्येक औषधांची विल्हेवाट यकृतच लावते, एवढे मात्र मी जाणतो. म्हणून पुडी कोणीही देवो, ती डॉक्टरांना दाखविल्यावाचून रोग्याच्या पोटात जाता कामा नये.

मग घरच्यांनी करावे काय? पहिली गोष्ट हात धुण्याची. 1847 साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात सेमेलवाइस या डॉक्टरने सहकाऱ्यांना हात धुवावयास लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. आपल्याकडे गाडगेबाबांनी हाती खराटा घेऊन स्वच्छतेचाच धर्म सांगितला, आणि त्यांच्याच नावाच्या दादरच्या धर्मशाळेत आज गावोगावचे कर्करोगी आसरा घेतात, हा केवळ योगायोग मानावयास मी तयार नाही.

दुसरी गोष्ट अन्नाची. या काळात देहाला झीज भरून काढावयाची असते. वरण, उसळ, उकळलेले दूध, पूर्ण शिजलेली अंडी अथवा मासे, जे ज्याच्या घरी चालते ते, थोडे थोडे पण वारंवार द्यावे. आमच्या घरी श्रावणी सोमवार होते. देव भुकेल्या रोग्याकडून उपवास मागत नाही, असे मी पत्नीला समजाविले. उघड्यावरची कापलेली फळे, उसाचा रस आणि शिळे अन्न टाळावे. झेपेल तितके चालावे आणि पुरेशी झोप घ्यावी.

तिसरी गोष्ट लसीची. इन्फ्लुएंझाची मृत जंतूंची लस रोग्याला केव्हा द्यावी ते डॉक्टरांना विचारावे. जिवंत जंतूंची लस मात्र केमो चालू असता देत नाहीत. घरातील बाकीच्यांनी आपल्या लसी घेतल्या, तर तेही रोग्याभोवतीचे एक कुंपणच होय.

आणि चौथी गोष्ट तापाची. थर्मामीटर उशाशी असावा, आणि 100.4 डिग्रीला निघावे. सकाळची वाट पाहू नये.

शेवटी मंडळाला माझी विनंती. रोग्याच्या घरी जाण्यापूर्वी फोन करावा, आणि पडसे, खोकला किंवा ताप असणाऱ्याने जाऊच नये, असा संकेत आपल्या ज्ञातीत रूढ करावा. जो येणार नाही त्याच्याविषयी कोणी गैरसमज करून घेऊ नये. पुडीऐवजी गरम जेवणाचा डबा पाठवावा. आणि अपरात्री गाडी घेऊन येण्यास तयार असणाऱ्या दहा बांधवांची नावे व फोन क्रमांक ज्ञातिगृहाच्या फलकावर लावावेत. त्या रात्री माझ्यापाशी अशी यादी असती, तर मी संकोच केला नसता. या यादीत पहिले नाव माझ्या मुलाचे लिहावे.

माझी पत्नी आज समारंभास आलेली नाही. गेल्या वर्षी रोग पुन्हा उद्भवला, उपचार चालू आहेत, आणि या आठवड्यात तिच्या पेशी कमी आहेत. निघताना तिने दारातूनच मला बजावले, "भाषण लांबवू नका, आणि परत आलात की आधी हात धुवा." पहिली आज्ञा मी काहीशी मोडली आहे, दुसरी मोडणार नाही.