कुंडीतली चिलटं आणि घाटमाथ्याचा पावसाळा

लोणावळ्यात वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. याच दिवसांत खिडकीतल्या मनीप्लँटच्या कुंडीतून बारीक काळी चिलटं उठू लागतात आणि रोपवाटिकेत ‘मातीत टाकायच्या औषधा’ची मागणी वाढते. माझ्या मते ही मागणीच चुकीची आहे. चिलटाची मादी ओलसर, कुजत्या मातीत शंभरच्या वर अंडी घालते. काळ्या डोक्याच्या पांढुरक्या अळ्या वरच्या दोन-तीन इंचांत राहतात. त्यांचं मुख्य अन्न म्हणजे बुरशी आणि अर्धवट कुजलेलं खत. फार वाढल्या की त्या कोवळी मुळंही कुरतडतात. अंड्यापासून चिलटापर्यंतचा फेरा तीन-चार आठवड्यांत पुरा होतो. औषधाने आजच्या अळ्या मेल्या तरी माती तशीच ओली राहिली, तर बाहेरून आलेली एखादी मादीसुद्धा पुढचा फेरा सुरू करायला पुरते. पिवळे चिकट कागद लावावेत, पण त्यांना सापडतात ती उडणारी चिलटं. अळ्या मातीतच राहतात.

यावर कोणी म्हणेल, इथे आषाढात कपडे वाळत नाहीत, तिथे माती कशी वाळणार? आक्षेप खरा आहे, पण अर्धाच. घरातल्या कुंडीवर पाऊस पडत नाही. तिच्यात पाणी पडतं ते आपल्या तांब्यातून. ढगांमुळे उजेड कमी आणि हवा दमट, त्यामुळे झाड पाणी फार थोडं पितं. आपला हात मात्र एप्रिलच्या सवयीने चालतो. त्यात विकतच्या मिश्रणात कोकोपीट भरपूर, आणि ते पाणी धरून ठेवतं. तळेगाव दाभाड्याच्या फ्लोरिकल्चर पार्कपासून पवन मावळापर्यंतच्या पॉलिहाऊसांतही कोकोपीट वापरलं जातं, पण तिथे ठिबकने मोजून पाणी देतात आणि निचऱ्याची सोय असते. घरी कुंडीखाली ताटली असते, आणि ती भरलेली. ती आधी काढा. बोट दोन इंच आत घालून कोरडं लागेल तेव्हाच पाणी द्या. कुंडी भरताना जाड वाळू किंवा विटेचा चुरा मिसळा आणि कच्चं शेणखत टाळा. निंबोळी अर्काला माझा विरोध नाही, पण ओल्या मातीत ओतला की त्याच्यासोबत पाणीही जातंच. एवढं करूनही अळ्या हटल्या नाहीत, तर डासांच्या अळ्यांवर वापरला जाणारा बीटीआय हा जिवाणू या अळ्यांवरही चालतो.

पण मग पॉलिहाऊसवाले जरबेरा लावण्यापूर्वी लाल मातीचं निर्जंतुकीकरण का करतात? कारण तिथे एकच पीक त्याच वाफ्यात वर्षानुवर्षं उभं राहतं. सूत्रकृमी शिरले तर सगळा वाफा जातो, आणि तेवढी माती बदलणं परवडत नाही. कुंडीतली माती मात्र तासाभरात बदलता येते. मुळांवर कापसासारखा पिठ्या ढेकूण किंवा मातीत हुमणीची जाड, वाकडी अळी दिसली, तर पाणी आवरून भागणार नाही. झाड उपटावं, मुळं धुवावीत, जुनी माती टाकावी आणि कुंडी घासून नव्या मातीत लावावं. पिठ्या ढेकणाची ती माती बागेत टाकू नका. तिथल्या मुळांनाही तो लागतो.