घारापुरी : लेण्यांपलीकडचें गांव

गारखेड्याहून वेरूळचा रस्ता धरणारा प्रवासी तासाभरांत लेण्यांपाशीं येऊन पोहोंचतो. तेथील २९ वें लेणें ‘धुमार लेणें’ या नांवानें प्रसिद्ध आहे. त्याचा प्रशस्त मंडप, आंतील चौकोनी गर्भगृह आणि त्याच्या दारांशीं उभे असलेले प्रचंड द्वारपाल पाहून जाणत्यांना एका दूरच्या बेटाची आठवण होते. कारण त्याची रचना तेथील मुख्य लेण्याशीं फार जुळते. तें बेट म्हणजे मुंबई बंदरांतील घारापुरी. मराठवाड्याला समुद्र दूरचा खरा. परंतु या दुव्यामुळें तें बेट येथील श्रोत्यांना अगदींच परकें वाटूं नये.

मुंबईच्या किनाऱ्यापासून पूर्वेस सुमारें १० किलोमीटरांवर दोन टेकड्यांचें हें खडकाळ बेट आहे. गेट वे ऑफ इंडियापाशीं लाँचमध्यें बसलेला मनुष्य तासाभरांत तेथील धक्क्याला लागतो. तेथून सुमारें १२० पायऱ्या चढल्या कीं काळ्या पाषाणांत कोरलेलें शिवाचें मंदिर समोर येतें. बहुतेक विद्वान त्याचा काळ सहाव्या शतकाचा मध्य मानतात. आंतील साडेपांच मीटर उंचीच्या त्रिमुखी शिवमूर्तीपुढें बोलका मनुष्यही क्षणभर मुका होतो. १५३४ सालीं हें बेट पोर्तुगीजांकडे गेलें. धक्क्याजवळ त्यांना दगडी हत्ती दिसला. त्यावरून त्यांनीं बेटाला ‘एलिफंटा’ म्हटलें. १८६४ मध्यें तो हत्ती इंग्लंडला नेण्याच्या खटाटोपांत भंगला. पुढें तुकडे जोडून उभा केलेला तो हत्ती आज मुंबईंत जिजामाता उद्यानाच्या आवारांतील भाऊ दाजी लाड संग्रहालयापाशीं आहे. बेटाचें नांव गाजविणारा बेट सोडून गेला; बेटावर राहिलीं तीं माणसें!

या माणसांची ओळख किती प्रवाशांना असते? राजबंदर, मोराबंदर आणि शेतबंदर अशा तीन वाड्यांतून सुमारें बाराशें लोक येथें नांदतात. भातशेती, मासेमारी, होड्यांची दुरुस्ती आणि अलीकडे प्रवाशांच्या गरजा पुरविणें हीच त्यांची उपजीविका. रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यांतील ही एक ग्रामपंचायत आहे. १९८७ सालीं युनेस्कोनें येथील लेणीं जागतिक वारसा म्हणून गौरविलीं. देशोदेशींचे लोक दिवसभर येतात आणि संध्याकाळच्या शेवटच्या लाँचनें परततात; रात्रीं मुक्काम करण्याची त्यांना मुभा नाहीं. यानंतर बेट उरतें तें केवळ तेथील रहिवाशांचें.

आणि ती रात्र कशी होती! समोर मुंबईचे लक्षावधि दिवे पाण्यांत थरथरत. इकडे मात्र संध्याकाळचे कांहीं तास डिझेलच्या जनित्रावर दिवे लागत आणि जनित्र थांबलें कीं सारें गांव अंधारांत बुडे. अखेर फेब्रुवारी २०१८ मध्यें समुद्रतळाशीं साडेसात किलोमीटर लांबीची तार टाकून बेटावर वीज आली. स्वातंत्र्य मिळून तोंवर सत्तर वर्षें लोटलीं होतीं. दिव्याखालीं अंधार ही म्हण आपण सहज वापरतों. घारापुरीकरांनीं ती सोसली.

वीज आली तरी समुद्र मधें आहेच. कठीण दुखण्याला मोठें रुग्णालय गांठायचें तर पाणी ओलांडावें लागतें, आणि पावसाळ्यांत खवळलेला दर्या कोणाची निकड जाणत नाहीं. १८ डिसेंबर २०२४ रोजीं गेट वेहून या बेटाकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळून दहाहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. प्रवाशाला जी घटकाभराची सहल वाटते, ती रहिवाशाच्या नित्याच्या येण्याजाण्याची वाट आहे.

याच संदर्भांत एक दूरदेशचें उदाहरण पाहण्याजोगें आहे. फिनलंडच्या हेलसिंकी बंदरासमोर सुओमेनलिन्ना नांवाचीं खडकाळ बेटें आहेत. १७४८ सालीं तेथें किल्ल्याचें बांधकाम सुरू झालें; १९९१ मध्यें तोही जागतिक वारसा ठरला. तेथें सुमारें आठशें लोक राहतात आणि बोट बारमहा चालते. शिवाय रुग्णवाहिका व अग्निशामक गाड्या वेळेवर पोहोंचाव्या म्हणून समुद्राखालून एक बोगदा नेलेला आहे. तटबंदी जपतांना तिच्या आड राहणाऱ्यांची चिंता वाहतां येते, हें त्यावरून दिसतें.

घारापुरीचे देव दगडाचे आहेत. त्यांनीं चौदा शतकें वाट पाहिली, आणखीही पाहतील. माणसाचें आयुष्य तेवढें लांब नसतें. म्हणून यापुढें जो कोणी त्या त्रिमुखी मूर्तीचें दर्शन घेऊन पायऱ्या उतरेल, त्यानें लाँचकडे धांवण्यापूर्वीं एकवार वाडीकडेही वळून पाहावें. वारसा म्हणून जें जपायचें, त्यांत तेथला संसारही येतो.